सुभद्राबाईंच्या पाच नळ्या

दापोडीच्या सुभद्राबाई काटे चिंचवडच्या कारखान्यात कामाला लागल्या ते साल एकोणीसशे छप्पन्न. पिंपरीच्या माळावर पेनिसिलीनचा मोठा सरकारी कारखाना सुरू होऊन तेव्हा वर्षभर झालं होतं आणि त्याच्या आगेमागे रेल्वेच्या दोन्ही अंगांना लहानसहान कारखाने उभे राहत होते. सुभद्राबाईंचा कारखाना त्यांतलाच एक. पत्र्याच्या दोन शेडी आणि एक बैठी इमारत, एवढाच त्याचा पसारा. आणि तिथे तयार काय व्हायचं, तर पाणी.

त्यांचे यजमान हिंदुराव दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये फिटर होते. बायको पाण्याच्या कारखान्यात जाणार म्हटल्यावर त्यांना हसूच आलं. पवना काय आटली का, म्हणून त्यांनी विचारलं. पहिल्या आठवड्यात सुभद्राबाईंनाही त्याचं उत्तर देता येईना. मग हळूहळू कळत गेलं. डॉक्टर सुई टोचतात तेव्हा औषधाची पूड कशात तरी कालवावी लागते. ते पाणी नदीचं नाही चालत, नळाचंही नाही. पाण्याची वाफ करायची, वाफेचं पुन्हा पाणी करायचं, ते करंगळीएवढ्या काचेच्या कुप्यांत भरायचं आणि कुपीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं. ते थेट माणसाच्या रक्तात जाणार, म्हणून त्यात पाण्याशिवाय दुसरं काहीएक असता कामा नये.

सुभद्राबाईंचं काम काच धुण्याचं. प्रयोगशाळेला लागून एक मोरीवजा खोली होती, तिथे त्या आणि कासारवाडीच्या रहमतबी अशा दोघी दिवसभर उभ्या असत. चंबू, नळ्या, मोजपात्रं, काय काय येत राही. रहमतबींचा हात चपळ आणि तोंडही तसंच. सुभद्राबाई सावकाश, पण त्यांच्या हातून एकदा गेलेली काच दुसऱ्यांदा धुवायला परत आली नाही.

ही विद्या त्यांना कुणी शिकवली नव्हती. मोशीला माहेरी तिसरीपर्यंत शाळा झाली होती, तेवढीच. पण कामाला लागून महिना व्हायच्या आत त्यांच्या लक्षात आलं की धुतलेल्या काचेवरून पाणी दोन तऱ्हांनी उतरतं. काच खरोखर स्वच्छ असेल तर पाण्याचा पातळ पदर अखंड सरकत खाली येतो. कुठे बोटाचा ओशटपणा राहिला असेल तर नेमकं तिथेच पाणी फाटतं आणि थेंब धरून बसतं. डोळ्यांना काच दोन्हीकडे सारखीच लख्ख दिसते. मग सुभद्राबाई डोळ्यांवर विसंबायचं सोडून पाण्याला विचारू लागल्या. उजेडाकडे चंबू धरायचा, पाणी ओतायचं आणि ते कसं उतरतं ते बघत राहायचं. रहमतबी म्हणायच्या की ही बाई काचेत नवऱ्याचं तोंड बघते.

पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत प्रयोगशाळेत सुमनताई आल्या. पुण्याच्या, रसायनात एम.एस्सी. झालेल्या, जेमतेम चोवीस वर्षांच्या. आधीचे केमिस्ट मुंबईला निघून गेले होते आणि कारखान्याचे मालक नानासाहेब यांनी त्यांच्या जागी एका मुलीला घेतलं म्हणून बऱ्याच जणांच्या भुवया वर गेल्या होत्या. नानासाहेब स्वतः रसायनातले जाणकार, साठीला आलेले, बोलायला मोजके. त्यांनी कुणाला स्पष्टीकरण दिलं नाही.

सुमनताई शिवाजीनगरहून लोणावळ्याच्या गाडीने यायच्या, सुभद्राबाई त्याच गाडीत दापोडीला चढायच्या. बायकांच्या डब्यात दोघी समोरासमोर बसू लागल्या. ताईंच्या उजव्या हाताची बोटं टोकाशी काळी पडलेली असायची. मेंदी रंगली नाही वाटतं, असं रहमतबींनी एकदा विचारल्यावर ताई मनापासून हसल्या आणि ते चांदीच्या पाण्याचे डाग आहेत म्हणून सांगितलं.

चांदीचं पाणी म्हणजे काय, हे त्यांनी दोघींना त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत दाखवलं. काळ्या बाटलीत पाण्यासारखंच दिसणारं काहीतरी होतं. चांदीपासून केलेला एक क्षार पाण्यात विरघळवून ते करतात, असं ताई म्हणाल्या. मग त्यांनी एका नळीत शुद्ध पाणी घेतलं आणि मिठाचे दोन-तीन कण टाकले. मीठ विरघळलं, पाणी होतं तसं नितळ झालं. सुभद्राबाईंनी बोट बुडवून चव घेतली. काही लागलं नाही. ताईंनी वरून काळ्या बाटलीतला एक थेंब सोडला आणि नितळ पाण्यात पांढरं धुकं पसरलं, ताकाची निवळी ढवळावी तसं.

"मीठ गेलं कुठंच नव्हतं," ताई म्हणाल्या. "त्याचे इतके बारीक कण झाले होते, की आपल्याला दिसेनात आणि चवीलाही कळेनात. चांदीने त्यांना गाठून धरलं."

सुभद्राबाई त्या नळीकडे बघतच राहिल्या. आयुष्यभर त्यांनी आमटीत मीठ टाकलं होतं आणि ते विरघळलं म्हणजे संपलं, असं न बोलता धरून चालल्या होत्या. आता गाडीत रोज त्यांचे प्रश्न सुरू झाले. पाणी उकळून आटवलं तर ते मीठ परत मिळेल का? मिळतं, ताई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी बशीत आटवून दाखवलं. मग पाण्याचेही असेच कण असतात का? असतात. मग वाफ झाली म्हणजे पाण्याचे कण मोडतात का? नाही, फक्त एकमेकांपासून लांब होतात. हे शेवटचं उत्तर सुभद्राबाईंना दोन दिवस पुरलं. चुलीवरच्या भांड्यातून वाफ निघाली की त्या थबकून बघायच्या आणि हिंदुराव भाकरीची वाट बघत बसायचे.

एप्रिल लागला आणि कारखान्यावर संकट आलं. शुद्ध पाण्याची प्रत्येक खेप कुप्यांत बंद करण्याआधी ताई तिची परीक्षा घेत. नमुना नळीत घ्यायचा, चांदीच्या पाण्याचे थेंब टाकायचे, हलवायचं. पाणी नितळ राहिलं तर पास. आजवर ते राहतही होतं. पण आता ते गढुळायला लागलं. फार नाही, काळ्या कागदासमोर धरल्यावर कळेल इतकंच, पण नियम म्हणजे नियम. पूर्ण खेप ओतून द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मधेच एखादी खेप पास व्हायची, पुन्हा दोन नापास. वाफेची नळी उघडून साफ केली, जोड बदलले, टाकी घासली. पाणी गढुळतच राहिलं.

बारा-पंधरा दिवस असे गेल्यावर नानासाहेब मोरीच्या दारात येऊन उभे राहिले. यंत्र तपासून झालं, आता धुणंच राहिलं, असं त्यांचं म्हणणं. काचेला नळाचं पाणी राहत असेल तर त्यातलं मीठ नमुन्यात उतरणारच. आठवडाभरात फरक पडला नाही तर धुण्याचं काम दुसऱ्या माणसांकडे द्यावं लागेल, एवढं सांगून ते गेले. आवाज चढवला नाही, पण बोलले ते रहमतबींना फार लागलं. चार वर्षांच्या पोरीला सासूजवळ ठेवून ती बाई कामाला येत होती. तिने हातातला चंबू ठेवला आणि धुवून झालेल्या नळ्या पुन्हा धुवायला घेतल्या.

सुभद्राबाईंना मात्र रागाआधी शंका आली, आणि तीही स्वतःचीच. खरंच आपल्या धुण्यात काही राहत असेल तर? त्या एकेक गोष्ट सोडून बघायला लागल्या. सोमवारी घासायची राख बंद केली. नळ्या तरीही नापास. मंगळवारी पुसायचं फडकं बंद केलं, नळ्या उपड्या घालून वाळवल्या. तरीही तेच. बुधवारी शेवटचं विसळणं तीनदाऐवजी सहादा केलं. काही उपयोग नाही. काचेवरून पाणी अखंड पदरासारखं उतरत होतं. काचेत दोष नाही, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली.

मग दोष कुठे? एक गोष्ट त्यांना खुपत होती. सकाळी नऊच्या सुमाराला जे नमुने तपासले जात ते बहुतेक पास होत. गढुळायचे ते दुपारचे. पाणी तेच, नळ्या त्याच, धुणाऱ्या त्याच.

बुधवारी संध्याकाळी हिंदुराव वर्कशॉपमधून आले आणि घामाने भिजून वाळलेला सदरा त्यांनी दोरीवर टाकला. सुभद्राबाई तो धुवायला घ्यायला गेल्या. पाठीवर पांढऱ्या वेलबुट्ट्या उठल्या होत्या, उन्हाळ्यात रोजच उठत तशा. त्यांनी नखाने खरवडून जिभेला लावलं. खारट होतं.

त्या सदरा हातात घेऊन खाली बसल्या. घामात मीठ. दुपारी घाम. आणि मग त्यांना ताईंचा हात दिसला. नमुन्याच्या नळीत चांदीचे थेंब टाकले की ताई नळीच्या तोंडावर अंगठा दाबत आणि नळी उलटीसुलटी करून हलवत. आधीचे केमिस्ट काचेची बुचं वापरायचे. ती बुचं एकेक करत फुटली, नवीन मागवलेली आली नव्हती. तेव्हापासून ताईंचा अंगठाच बूच झाला होता. पत्र्याखालची ती खोली दुपारी भट्टीसारखी तापायची.

दोन दिवस सुभद्राबाईंनी हे कुणाला सांगितलं नाही. गाडीत ताईंच्या समोर बसल्या, पण प्रश्न विचारले नाहीत. ताईंनी बरं नाही का म्हणून चौकशी केली. सांगावं तर या मुलीवर ठपका यायचा, जिच्यावर आधीच सगळे डोळा ठेवून होते. न सांगावं तर रहमतबीची भाकरी जायची. जिने आपल्याला मिठाचे कण दाखवले तिचीच चूक आपण दाखवायची, हे त्यांच्या जिवावर आलं होतं. शेवटी त्या हिंदुरावांशी बोलल्या. हिंदुराव म्हणाले की साहेबांकडे जाऊ नकोस. ताईंना सांग, आणि एकटीला सांग. पुढं त्यांना ठरवू दे.

शनिवारी दुपारी बाकीचे सगळे जेवायला गेले, ताई एकट्याच राहिल्या, तेव्हा सुभद्राबाई प्रयोगशाळेत आल्या. त्यांच्या हातात लाकडी घोडीवर लावलेल्या पाच नळ्या होत्या.

"ताई, चांदीच्या पाण्याचं थोडं थेंब पायजे हायेत," त्या म्हणाल्या. "मला एक बघायचंय."

ताईंनी काळी बाटली पुढे केली. सुभद्राबाईंनी एकाच बाटलीतलं शुद्ध पाणी पाचही नळ्यांत सारखं भरलं आणि कुठली नळी कशी, ते सांगितलं. पहिली नुसती तीनदा विसळलेली. दुसरी राखेने घासलेली. तिसरी फडक्याने पुसलेली. चौथी रहमतबींच्या हातची. पाचवी पहिलीसारखीच. मग त्यांनी पाचव्या नळीच्या तोंडावर स्वतःचा अंगठा दाबला, नळी दोनदा उलटी केली आणि परत घोडीवर ठेवली.

"आता टाका."

ताईंनी थेंब टाकले. पहिली नितळ. दुसरी नितळ. तिसरी, चौथी नितळ. पाचवीत पांढरं धुकं पसरलं.

ताई त्या नळीकडे बघत होत्या, मग त्यांनी आपल्या काळ्या पडलेल्या बोटांकडे बघितलं.

"हा माझा अंगठा हाय, ताई," सुभद्राबाई हळूच म्हणाल्या. "तुमचं मी काय म्हणत न्हाई. पण तुमी एकदा करून बघा."

ताईंनी सहावी नळी घेतली. पाणी भरलं, अंगठा दाबला, हलवली, थेंब टाकला. पाणी गढुळलं. त्यांनी सातवी घेतली आणि अंगठा न लावता काचेच्या काडीने ढवळली. ती नितळ राहिली. ताई स्टुलावर बसल्या. इतक्या खेपा, इतकं चांगलं पाणी आपण गटारात ओतलं, आणि दोन बायकांनी आपल्यापायी बोलणी खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते त्यांनी पदराने टिपलं आणि उठल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "ह्या नळ्या घ्या. रहमतबींनाही बोलवा."

सुभद्राबाई नको म्हणत होत्या. आता समजलंय, सोमवारपासून काडी वापरली की झालं, कुणाला कळणारही नाही, असं त्यांचं म्हणणं. ताईंनी ऐकलं नाही. त्या तशाच नानासाहेबांच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्या सांगितलं की चूक धुण्यात नाही, माझ्या अंगठ्यात आहे, आणि ती मी शोधलेली नाही. नोकरी सोडायची तयारी आहे, असंही बोलून गेल्या.

नानासाहेबांनी एक नळी मागवली, स्वतःचा अंगठा लावून तोच प्रयोग केला आणि नळी खिडकीच्या उजेडात धरून पांढरं धुकं बघितलं. मग चष्मा काढला.

"तरुणपणी मीही हेच केलेलं असणार," ते ताईंना म्हणाले. "नोकरी कसली सोडताय? जे झालं ते वहीत लिहा." मग दारापाशी उभ्या असलेल्या दोघींकडे वळले. "मी तुम्हाला बोललो ते चुकलं माझं. नीट न बघता बोललो."

रहमतबी नंतर म्हणाल्या की त्यांच्या नवऱ्याने बारा वर्षांत एवढं वाक्य एकदाही उच्चारलं नाही.

वहीत ताईंनी सगळं लिहिलं. कुठल्या नळीत काय केलं, काय दिसलं. खाली प्रयोग करणाऱ्याचं नाव लिहायची जागा असे. तिथे त्यांनी सुभद्रा हिंदुराव काटे असं लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. सुभद्राबाईंनी पदराला हात पुसले आणि एकेक अक्षर जोडत सही केली. सोमवारी कासारवाडीच्या सुताराकडून बुचं न फुटता ठेवायला खाचांचं लाकडी खोकं आलं, आणि पंधरा दिवसांनी काचेची बुचं आली. खेपा पास होऊ लागल्या.

त्यानंतर नानासाहेबांनी एक पद्धत पाडली. नवा केमिस्ट आला, मग तो कितीही शिकलेला असो, की पहिले आठ दिवस त्याने मोरीत सुभद्राबाईंच्या हाताखाली काढायचे. बऱ्याच जणांना हे अपमानाचं वाटे. साताऱ्याकडचे उद्धवराव नावाचे एक गृहस्थ आले, पहिल्या वर्गात पास झालेले. काच धुण्यात शिकायचं काय, असं त्यांनी तोंडावरच विचारलं. सुभद्राबाईंनी वाद घातला नाही. दोन चंबू घेतले, दोन्हींत निळीचं गडद पाणी भरून ओतून दिलं. मग उद्धवरावांना तांब्याभर पाणी दिलं आणि एक चंबू एकाच वेळी सगळं पाणी घालून विसळायला सांगितला. स्वतः तेवढंच पाणी घेऊन तीन वेळा थोडं थोडं घालून विसळलं. शेवटी दोन्ही चंबूंत थोडं शुद्ध पाणी घालून उजेडात धरले. उद्धवरावांच्या पाण्यात निळसर झाक होती, सुभद्राबाईंच्या पाण्यात काही दिसत नव्हतं. उद्धवरावांनी खिशातून पेन्सिल काढून भिंतीवरच हिशेब मांडला, दोनदा तपासला आणि मान डोलावली. त्यांचे आठ दिवसांचे बारा दिवस झाले, ते त्यांनी आपणहून केलेले.

एकोणसाठ साली सुमनताई पुण्याच्या कॉलेजात शिकवायला गेल्या. गाडीत समोरची जागा रिकामी झाल्याचं सुभद्राबाईंना फार जाणवलं. पण प्रश्न थांबले नाहीत. त्या ते पोस्टकार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून पाठवत, आणि ताईंची बारीक अक्षरातली उत्तरं येत. एका कार्डावर काच कशाची करतात ते होतं. वाळू, सोडा आणि चुना. सुभद्राबाईंनी ते कार्ड रहमतबींना वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना.

त्याच उन्हाळ्यात सुभद्राबाई चार दिवस मोशीला माहेरी गेल्या. शेजारच्या दुर्गाबाईंची तक्रार होती, गावात नवी विहीर खोदली, पाणी गोड लागतं, पण त्यात डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. कुणी म्हणे विहिरीची पूजा नीट झाली नाही. सुभद्राबाईंनी ते पाणी पातेल्यात उकळायला ठेवलं. वीस-पंचवीस मिनिटं उकळल्यावर बाजूला ठेवून निवू दिलं. पातेल्याच्या बुडाला आणि कडेला पांढरट थर धरला होता.

"हे काय हाय?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"चुन्यासारखं हाय," सुभद्राबाई म्हणाल्या. "जमिनीतनं पाण्यात उतरतंय. विरघळलेलं असतंय म्हणून दिसत न्हाई. हेच डाळीला कडक करतंय. डाळीचं पाणी आधी उकळायचं, निवळू द्यायचं आन् वरचं तेवढं ओतून घ्यायचं."

दुर्गाबाईंनी तसं केलं. डाळ शिजली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर आठ-दहा बायका जमल्या आणि सुभद्राबाईंनी पुन्हा सगळं करून दाखवलं, उकळणं, निवळणं, थर खरवडणं. एका म्हातारीने मधेच विचारलं की दुधात एवढंसं विरजण टाकलं की सगळं दूध घट्ट कसं होतं, त्यात काय होतं मग?

सुभद्राबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"ते मला अजून म्हाईत न्हाई, आत्याबाई," त्या म्हणाल्या. "ताईंना कार्ड टाकून विचारते. उत्तर आलं की येऊन सांगते."